भारतातील वाहन परवान्याचे निलंबन आणि रद्दीकरण

भारतात मोटार वाहन चालविण्याचा परवाना ही कायमस्वरूपी मालमत्ता नसून अटींच्या अधीन राहून दिलेली परवानगी आहे. या अटींचा भंग झाल्यास किंवा चालक वाहन चालविण्यास अयोग्य ठरल्यास परवाना ठरावीक काळासाठी निलंबित करता येतो, चालकाला परवाना धारण करण्यास अपात्र ठरविता येते अथवा परवाना पूर्णपणे रद्द करता येतो. यासंबंधीच्या तरतुदी मुख्यतः मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने त्या अधिक कठोर करण्यात आल्या. चालकाला म्हणणे मांडण्याची संधी देणे, आदेशाची कारणे लेखी नोंदविणे आणि अपिलाचा मार्ग खुला ठेवणे ही या प्रक्रियेतील प्रमुख संरक्षणे आहेत.

## पार्श्वभूमी

भारतात मोटार वाहनांसंबंधीचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ मध्ये झाला. त्याची जागा मोटार वाहन अधिनियम, १९३९ ने घेतली. सध्याचा अधिनियम १९८८ मध्ये संमत झाला आणि १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यातील दुसरे प्रकरण चालकांच्या परवान्यांविषयी असून परवाना देणे, त्याचे नूतनीकरण करणे, तो निलंबित करणे व रद्द करणे हे विषय त्यात एकत्र आले आहेत.

परवान्यावरील कारवाई प्रत्यक्षात अधिक प्रमाणात होऊ लागली ती सर्वोच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर. कोइम्बतूर येथील अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजसेकरन यांनी दाखल केलेल्या जनहित याचिकेवर न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते सुरक्षा समिती नेमली. या समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये सर्व राज्यांना निर्देश दिले. अतिवेग, लाल दिवा ओलांडणे, मालवाहू वाहनात क्षमतेपेक्षा अधिक माल भरणे, मालवाहू वाहनातून माणसे नेणे, मद्यपान करून वाहन चालविणे आणि वाहन चालविताना मोबाइल वापरणे या सहा बाबतींत परवाना किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करावा, असे त्यांत म्हटले होते.

केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी संबंधित होते. केवळ दंडाने चालकाच्या वर्तनात पुरेसा बदल होत नाही, ही भूमिका परवान्यावरील कारवाईमागे आहे. दंड भरून चालक त्याच दिवशी पुन्हा रस्त्यावर येऊ शकतो. निलंबनामुळे मात्र तो काही काळ रस्त्यापासून दूर राहतो.

## संज्ञा

बोलीभाषेत ‘परवाना गेला’ या एकाच शब्दप्रयोगाने व्यक्त होणाऱ्या चार वेगवेगळ्या गोष्टी कायद्यात आहेत.

* परवाना जप्त करणे : पोलीस किंवा मोटार वाहन निरीक्षकासारखा प्राधिकृत अधिकारी परवाना ताब्यात घेतो. हा अंतिम निर्णय नसून कारवाईचा प्रारंभ असतो.
* निलंबन : परवाना अस्तित्वात राहतो, परंतु ठरावीक मुदतीत तो निष्प्रभ असतो.
* अपात्रता : व्यक्तीलाच परवाना धारण करण्यास किंवा नव्याने मिळविण्यास ठरावीक काळ मनाई होते. या काळात तिच्याजवळील परवाना निष्प्रभ ठरतो. दैनंदिन व्यवहारात यालाही निलंबन म्हटले जाते.
* रद्दीकरण : परवाना संपुष्टात येतो.

## परवाना प्राधिकाऱ्याचे अधिकार

### कलम १९

प्रादेशिक परिवहन कार्यालयातील, म्हणजेच बोलीभाषेत आरटीओमधील, परवाना प्राधिकाऱ्याला कलम १९ अन्वये चालकास अपात्र ठरविण्याचा किंवा त्याचा परवाना रद्द करण्याचा अधिकार आहे. चालक सराईत गुन्हेगार किंवा मद्यासक्त असणे, अमली पदार्थांच्या आहारी गेलेला असणे, दखलपात्र गुन्ह्यासाठी वाहनाचा वापर झालेला असणे, पूर्वीच्या वर्तनावरून त्याचे वाहन चालविणे लोकांना धोकादायक असल्याचे दिसणे आणि परवाना लबाडीने किंवा खोटी माहिती देऊन मिळविलेला असणे, ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

याखेरीज लोकांना उपद्रव किंवा धोका पोहोचविणारी कृत्ये केंद्रीय नियमांतील नियम २१ मध्ये दिली आहेत. वाहनाची चोरी, प्रवाशांवर हल्ला, प्रवाशांचे अपहरण, अतिवेग, अतिरिक्त माल, मद्याच्या अमलाखाली वाहन चालविणे आणि वाहन चालविताना मोबाइलवर बोलणे यांचा त्या यादीत समावेश आहे. सार्वजनिक वाहनांच्या चालकांना ही यादी विशेष लागू पडते. प्रवाशांशी उद्धट वर्तन, प्रवासी वाहन चालविताना धूम्रपान, ठरलेल्या भाड्यापेक्षा जास्त पैसे मागणे आणि सबळ कारणाशिवाय लांबच्या मार्गाने नेणे हीसुद्धा परवान्यावर कारवाई होण्याजोगी कृत्ये आहेत. त्यामुळे रिक्षा किंवा टॅक्सीचालकाने भाडे नाकारल्याची तक्रार ही केवळ दंडापुरती बाब राहत नाही.

### २०१९ ची दुरुस्ती

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १९ मध्ये नवे उपकलम घालण्यात आले. पोलिसांनी कलम २०६(४) अन्वये जप्त करून पाठविलेल्या परवान्याबाबत परवाना प्राधिकारी चालकाला म्हणणे मांडण्याची संधी देतो. त्यानंतर तो चालकाला कारवाईतून मुक्त करू शकतो किंवा सविस्तर कारणे नोंदवून पुढीलप्रमाणे आदेश देऊ शकतो :

* पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांची अपात्रता;
* दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी परवाना रद्द.

अशा चालकाचे नाव जाहीर करण्याची तरतूदही दुरुस्तीत आहे. अपात्रतेची मुदत संपली तरी परवाना आपोआप परत मिळत नाही. त्यासाठी चालकाने उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण करावे लागते.

### आजार व अपंगत्व

कलम १६ नुसार, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे चालक वाहन चालविण्यास अयोग्य आहे असे मानण्यास वाजवी कारण असल्यास प्राधिकारी परवाना कोणत्याही वेळी रद्द करू शकतो किंवा परवाना चालू ठेवण्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो. ही शिक्षा मानली जात नाही. वैद्यकीय निकष काळानुसार बदललेही आहेत. सौम्य ते मध्यम स्वरूपाचे रंगांधत्व असलेल्या व्यक्तींना परवाना मिळावा यासाठी केंद्र शासनाने जून २०२० मध्ये नियमांतील नमुने बदलले.

## पोलिसांचे अधिकार

कलम २०६(४) नुसार पुढील कलमांखालील गुन्हा घडल्याचे मानण्यास कारण असल्यास पोलीस अधिकाऱ्याने परवाना जप्त करून तो परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो.

| कलम | गुन्हा |
|---|---|
| १८३ | वेगमर्यादा ओलांडणे |
| १८४ | धोकादायक रीतीने वाहन चालविणे |
| १८५ | मद्य किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहन चालविणे |
| १८९ | रस्त्यावर शर्यत लावणे |
| १९० | असुरक्षित किंवा प्रदूषणाचे निकष मोडणारे वाहन चालविणे |
| १९४-सी | दुचाकीवर चालकामागे एकापेक्षा अधिक व्यक्तींना बसविणे |
| १९४-डी | हेल्मेट न वापरणे |
| १९४-ई | रुग्णवाहिका, अग्निशमन दल इत्यादींच्या वाहनांना वाट न देणे |

कलम १८४ मधील ‘धोकादायक’ या शब्दाची व्याप्ती २०१९ मध्ये स्पष्ट करण्यात आली. लाल दिवा ओलांडणे, थांबण्याच्या चिन्हाकडे दुर्लक्ष करणे, हातात मोबाइल धरून वापरणे, नियमबाह्य रीतीने पुढच्या वाहनाला मागे टाकणे आणि वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने जाणे ही कृत्ये, सक्षम व सावध चालकाकडून अपेक्षित असलेल्या दर्जाच्या खूप खाली जाणारी असल्यास, या कलमाखाली येतात. परिणामी, शहरांत सर्रास दिसणाऱ्या काही चुका परवाना जप्त होण्यास पुरेशा ठरतात.

### पोचपावती

परवाना ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याने चालकाला तात्पुरती पोचपावती द्यावी लागते. मात्र सर्व पोचपावत्यांचा परिणाम सारखा नसतो. चालक फरार होण्याची किंवा समन्स चुकविण्याची शक्यता वाटून परवाना घेतला असेल, तर कलम २०६(३) खालील पोचपावतीवर त्याला परवाना परत मिळेपर्यंत वाहन चालविता येते. याउलट कलम २०६(४) खालील पोचपावती वाहन चालविण्याचा अधिकार देत नाही. त्यामुळे परवाना प्राधिकाऱ्याने निर्णय देण्यापूर्वीच चालकाचे वाहन चालविणे थांबते. पोचपावतीवर नमूद केलेले कलम म्हणूनच महत्त्वाचे असते.

### निलंबनाचा अधिकार कोणाचा?

पोलिसांना परवाना जप्त करून पुढे पाठविण्याचा अधिकार आहे. तो निलंबित किंवा रद्द करण्याचा नाही. अतिवेगाच्या कारणावरून वाहतूक पोलिसांच्या सहायक आयुक्ताने एका चालकाचा परवाना ९० दिवसांसाठी निलंबित केला होता. २०२२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने हा अधिकार परवाना प्राधिकाऱ्याचा असल्याचे स्पष्ट करून तो आदेश रद्द ठरविला.

## न्यायालयांचे अधिकार

मोटार वाहन अधिनियमाखालील गुन्ह्यात किंवा ज्या गुन्ह्यात मोटार वाहनाचा वापर झाला अशा इतर कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला न्यायालय शिक्षेखेरीज कलम २० अन्वये अपात्रही ठरवू शकते. त्यामुळे भारतीय न्याय संहितेतील निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याच्या गुन्ह्यातही ही कारवाई होऊ शकते. केवळ वेगमर्यादेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गुन्ह्यासाठी मात्र न्यायालय असा आदेश देत नाही.

काही गुन्ह्यांत न्यायालयाचा स्वेच्छाधिकार मर्यादित आहे :

* मद्यपान करून वाहन चालविण्याच्या गुन्ह्यात किमान सहा महिन्यांची अपात्रता बंधनकारक आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास हा गुन्हा घडतो.
* याच गुन्ह्यात पूर्वी दोषी ठरलेली व्यक्ती पुन्हा दोषी ठरल्यास न्यायालयाने तिचा परवाना रद्द करावयाचा असतो.
* अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, पोलिसांना कळविणे इत्यादी कर्तव्ये टाळणाऱ्या चालकाला किमान एक महिना अपात्र ठरविले जाते.
* धोकादायक रीतीने वाहन चालविल्याबद्दल दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास कमाल पाच वर्षे, शर्यतीबद्दल कमाल दोन वर्षे आणि नोंदणी नसलेले वाहन चालविल्याबद्दल कमाल एक वर्ष अपात्रता येते. असा आदेश न देण्यासाठी न्यायालयाला विशेष कारणे लेखी नोंदवावी लागतात.

धोकादायक रीतीने वाहन चालवून मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडविल्याबद्दल दोषी ठरलेल्या चालकाचा परवाना न्यायालय कलम २२ अन्वये निलंबित किंवा रद्द करू शकते. असा निलंबित परवाना परत मिळण्यापूर्वी चालकाला वाहन चालविण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते आणि वैद्यकीय प्रमाणपत्र सादर करावे लागते.

कलम २१ मध्ये खटल्याच्या निकालापूर्वीच लागू होणारी तरतूद आहे. धोकादायक रीतीने वाहन चालविल्याबद्दल पूर्वी दोषी ठरलेल्या व्यक्तीवर, अशाच कृत्याने मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडविल्याचा गुन्हा पोलिसांनी नोंदविल्यास तिचा परवाना नोंदणीच्या दिनांकापासून सहा महिने निलंबित होतो. त्याआधी ती दोषमुक्त झाल्यास निलंबन तेव्हाच संपते.

## दंड आणि परवान्यावरील कारवाई

गुन्ह्याचे तडजोड शुल्क, म्हणजेच सर्वसाधारण भाषेत चलानाची रक्कम, भरली की प्रकरण मिटले, अशी समजूत रूढ आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०० मध्ये घातलेल्या परंतुकांनुसार तसे होत नाही. शुल्क भरल्यामुळे चालक कलम २०६(४) खालील कारवाईतून किंवा उजळणी प्रशिक्षणाच्या बंधनातून मुक्त होत नाही. शिवाय शुल्क भरून मिटविलेला गुन्हाही ‘पूर्वीचा गुन्हा’ म्हणून मोजला जातो. पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने आणि दुसऱ्यासाठी रद्दीकरण, अशी रचना असल्यामुळे ही मोजणी निर्णायक ठरते.

महाराष्ट्रात सुधारित तडजोड शुल्क डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. मे २०२२ मध्ये मुंबई वाहतूक पोलिसांनी दुचाकीवर मागे बसणाऱ्या व्यक्तीलाही हेल्मेट बंधनकारक असल्याचे जाहीर केले. नियमभंग झाल्यास ५०० रुपये दंडाबरोबरच तीन महिन्यांच्या परवाना निलंबनाचा इशाराही त्यात होता.

## अल्पवयीन चालक

सर्वसाधारणपणे परवान्यासाठी किमान वय १८ वर्षे आहे. ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी ते १६ वर्षे आणि परिवहन वाहनासाठी २० वर्षे आहे. अल्पवयीन व्यक्तीने वाहन चालवून गुन्हा केल्यास कलम १९९-ए नुसार तिला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. आपल्या नकळत किंवा पुरेशी खबरदारी घेऊनही गुन्हा घडला, हे पालकाने किंवा मालकाने सिद्ध केल्यास त्याची जबाबदारी राहत नाही.

## चालकाला उपलब्ध संरक्षण

सुनावणी. कलम १९ खालील आदेशापूर्वी चालकाला म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. वाहन प्रत्यक्षात कोण चालवीत होते, गुन्हा घडला का आणि तो पहिलाच आहे का, हे मुद्दे या टप्प्यावर मांडता येतात. कॅमेऱ्याने नोंदविलेल्या गुन्ह्यात वाहनाच्या क्रमांकावरून चलान मालकाच्या नावे निघते. परवान्यावरील कारवाई मात्र चालकावर होत असल्याने पहिला मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

लेखी कारणे. आदेशात कारणे नोंदविणे आवश्यक आहे. कारणांअभावी दिलेला आदेश अपिलात टिकणे कठीण असते.

अपील. परवाना प्राधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत विहित प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. न्यायालयाने दिलेल्या अपात्रतेविरुद्ध वरिष्ठ न्यायालयात दाद मागता येते. परंतु केवळ अपील दाखल केल्याने अपात्रता थांबत नाही. त्यासाठी अपील न्यायालयाचा स्वतंत्र आदेश लागतो.

मुदतीपूर्वी सूट. कलम २३ नुसार, अपात्रतेच्या आदेशाला सहा महिने झाल्यावर चालक ती उठविण्यासाठी त्याच न्यायालयाकडे किंवा प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. पहिल्या अर्जानंतर तीन महिने उलटल्याशिवाय दुसरा अर्ज विचारात घेतला जात नाही.

शेऱ्यांपासून मुक्ती. अपात्रता किंवा दोषसिद्धीची नोंद परवान्यावर केली जाते. शेवटच्या नोंदीनंतर सलग तीन वर्षे नवी नोंद झाली नाही तर चालकाला शेरेविरहित परवाना मिळू शकतो. वेगमर्यादेसंबंधीच्या नोंदीसाठी हा कालावधी एक वर्षाचा आहे.

## वैधता व नूतनीकरण

कोणताही गुन्हा न करताही परवाना हातचा जाऊ शकतो, तो मुदत संपल्यामुळे. खासगी वाहनांसाठीच्या परवान्याची मुदत अर्जदाराच्या वयानुसार ठरते.

| परवाना देतेवेळी किंवा नूतनीकरणावेळी वय | मुदत |
|---|---|
| ३० वर्षांपेक्षा कमी | वयाच्या ४० व्या वर्षापर्यंत |
| ३० ते ५० वर्षांपेक्षा कमी | १० वर्षे |
| ५० ते ५५ वर्षांपेक्षा कमी | वयाच्या ६० व्या वर्षापर्यंत |
| ५५ वर्षे व त्यापुढे | ५ वर्षे |

परिवहन वाहनांच्या परवान्याची मुदत पाच वर्षे, तर धोकादायक पदार्थांची वाहतूक करणाऱ्या चालकांसाठी ती तीन वर्षे आहे. मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून ती संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. एक वर्ष उलटल्यास वाहन चालविण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस परवाना प्रभावी मानला जात असे. ही सवलत २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकली. त्यामुळे आता अर्जासाठी एक वर्ष मिळत असले तरी त्या काळात वाहन चालविण्याची मुभा नसते.

## निलंबनाच्या काळात वाहन चालविल्यास

अपात्र असताना वाहन चालविणे किंवा अपात्रता लपवून नवा परवाना मिळविणे हा कलम १८२ खालील स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात आणि असा मिळविलेला परवाना निष्प्रभ ठरतो. परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हाती वाहन देणारा मालकही कलम १८० खाली शिक्षेस पात्र ठरतो.

आर्थिकदृष्ट्या सर्वांत गंभीर परिणाम विम्याच्या बाबतीत होतो. अपात्र चालकाच्या हातून अपघात झाल्यास विमा कंपनी पॉलिसीच्या अटीचा भंग झाल्याचा बचाव घेऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्णसिंग या २००४ च्या निकालात, अटीचा भंग वाहनमालकाच्या दोषामुळे झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर ठेवली. तसेच कंपनीने आधी पीडिताला भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश देण्याचा मार्गही मान्य केला. पीडिताला त्यामुळे संरक्षण मिळते. भरपाईचा अंतिम भार मात्र मालकावर येऊ शकतो.

## अन्य देशांतील पद्धती

अनेक देशांत प्रत्येक गुन्ह्यासाठी गुण नोंदविण्याची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत १२ दंडगुण झाल्यास साधारणतः किमान सहा महिन्यांची अपात्रता येते; परंतु चालकाला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना असाधारण हालअपेष्टा सोसाव्या लागतील हे पटवून दिल्यास न्यायालय ती टाळू शकते. जर्मनीत फ्लेन्सबुर्ग येथील केंद्रीय नोंदवहीत आठ गुण झाल्यावर परवाना काढून घेतला जातो. भारताच्या १९८८ च्या अधिनियमात देशव्यापी गुणपद्धती अंतर्भूत करण्यात आली नाही. २०१७ मध्ये तेलंगणाने हैदराबाद परिसरात दंडगुणांची पद्धत सुरू केली होती.

## टीका व अडचणी

कलम २०६(४) खाली परवाना जप्त झाल्यापासून वाहन चालविण्यास मनाई होते, परंतु परवाना प्राधिकाऱ्याने किती दिवसांत निर्णय द्यावा हे त्या उपकलमात सांगितलेले नाही. निर्णयास विलंब झाल्यास सुनावणीपूर्वीचा हा काळ चालकासाठी प्रत्यक्षात शिक्षेसारखाच ठरतो.

दुसरा आक्षेप समान मुदतीच्या असमान परिणामांविषयी आहे. हेल्मेट न घालणारा दुचाकीस्वार आणि मद्याच्या अमलाखाली मोटार चालविणारा चालक, या दोघांनाही कलम १९ च्या नव्या उपकलमाखाली पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांचीच अपात्रता आहे. खासगी चालकाला हे तीन महिने गैरसोयीचे जातात. रिक्षा, टॅक्सी, ट्रक किंवा बसचालकाचे मात्र तेवढ्या काळाचे उत्पन्न थांबते. ब्रिटनप्रमाणे उपजीविकेचा विचार करण्याची स्पष्ट तरतूद या उपकलमात नाही. चालकाला कारवाईतून मुक्त करण्याचा प्राधिकाऱ्याचा अधिकार हीच त्यातील मोकळीक आहे. दुसऱ्या बाजूने, सार्वजनिक वाहनाच्या चालकावर इतरांच्या जिवाची जबाबदारी असल्याने त्याच्यासाठी निकष शिथिल करू नयेत, असेही मत मांडले जाते.

तिसरी अडचण नोंदींची होती. एका व्यक्तीने एकाहून अधिक परवाने बाळगण्यास कलम ६ अन्वये मनाई आहे. तथापि कागदी नोंदींच्या काळात एका कार्यालयाने निलंबित केलेल्या चालकाने दुसरीकडून परवाना घेतल्यास ते उघड होणे अवघड असे. ‘सारथी’ ही संगणकीय प्रणाली आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम २५-ए मध्ये तरतूद केलेली परवान्यांची राष्ट्रीय नोंदवही यांमुळे अशी पळवाट बंद करणे शक्य झाले आहे.

## हेसुद्धा पहा

* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* प्रादेशिक परिवहन कार्यालय
* भारतातील रस्ते सुरक्षा
* मोटार वाहन विमा